एनएचएलमध्ये (नॅशनल हॉकी लीग, उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीची प्रमुख व्यावसायिक स्पर्धा) केवळ ४५ सामने खेळलेल्या विली ओ'री यांचे नाव आइस हॉकीत इतके मोठे का मानले जाते?

१८ जानेवारी १९५८ रोजी बोस्टन ब्रुइन्स संघाकडून मॉन्ट्रियलमध्ये मैदानात उतरलेले कॅनडाचे विली ओ'री हे एनएचएलमध्ये खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले, हे त्याचे पहिले कारण. एनएचएलमधील त्यांचे आकडे साधेच आहेत: ४५ सामने, ४ गोल आणि १० असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलला केलेली मदत).

मला मात्र दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. पदार्पणाच्या सुमारे दोन वर्षे आधी पक (आइस हॉकीत चेंडूऐवजी वापरली जाणारी कडक रबरी चकती) लागून त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती आणि ही गोष्ट त्यांनी लपवून ठेवली होती, कारण ती उघड झाली असती तर त्यांना खेळूच दिले नसते. ते डाव्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेने आक्रमणात खेळत, त्यामुळे उजवीकडून येणारा पास पाहण्यासाठी त्यांना प्रत्येक वेळी पूर्ण मान वळवावी लागे. तीही अशा खेळात, जिथे क्षणभर नजर हटली तरी प्रतिस्पर्ध्याची जोरदार धडक बसते. पुढे वेस्टर्न हॉकी लीगमध्ये लॉस एंजेलिस ब्लेड्स संघाने त्यांना उजव्या विंगवर आणले आणि सारा खेळ चांगल्या डोळ्यासमोर आल्यावर १९६४-६५ च्या हंगामात त्यांनी ३८ गोल केले. त्यांच्या गुणवत्तेचे माप म्हणून एनएचएलमधील त्या चार गोलांऐवजी हाच आकडा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१८ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला आणि २०२२ मध्ये ब्रुइन्सने त्यांचा जर्सीवरील २२ क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कोणाला न देण्याचे ठरवले.