घरचे आइस्क्रीम आणि खवट दाणे

मार्च महिना उजाडला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आयांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास डोकावू लागते. "मॅडम, एवढी मरमर करून घरी सगळं करते, साखर घालत नाही, रंग घालत नाही, तरी मुलांना बाहेरचंच आइस्क्रीम हवं." कुणी हे मुलाच्या अभ्यासाविषयी बोलता बोलता सांगते, तर कुणी सासूशी होणाऱ्या कुरबुरींच्या ओघात. गेल्या उन्हाळ्यात ही तक्रार इतक्या वेळा कानावर पडली की तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे ठरवले. त्यासाठी एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटू शकेल असे तपशील बदलून येथे मांडत आहे. आमच्या एकंदर आठ भेटी झाल्या. त्यांतले तीन-चार प्रसंगच मी निवडले आहेत, कारण बाकीचे काम त्या प्रसंगांच्या आजूबाजूला घडत गेले.

त्या बाई बँकेत नोकरी करतात. थोरली मुलगी नऊ वर्षांची, धाकटा पाच वर्षांचा, आणि घरात सासूबाई. त्याआधीच्या डिसेंबरात मुलीच्या तीन दाढा किडल्याचे निघाले आणि दंतवैद्यांनी गोड कमी करण्यास सांगितले. त्या एका वाक्याचा बाईंनी धसका घेतला. घरात आइस्क्रीम, कुल्फी, चॉकलेट सारे बंद झाले आणि त्याजागी गोठवलेले केळे, शेंगदाण्याचे बटर, खजूर, ओट्स, जवसाची पूड आणि कधी पालकसुद्धा घालून केलेले एक मिश्रण आले. ते साच्यांत भरून, काड्या खोचून त्या मुलांना रोज संध्याकाळी देत असत. एप्रिलमधल्या एका दुपारी गॅलरीतल्या कुंडीकडे मुंग्यांची रांग लागलेली दिसली म्हणून त्यांनी माती उकरून पाहिली, तर तिथे वितळलेले तेच मिश्रण आणि चार काड्या निघाल्या. त्याच आठवड्यात मुलीच्या दप्तराच्या तळाशी कुल्फीचे कागद सापडले. वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून तिने सोसायटीच्या फाटकाशी घंटा वाजवत येणाऱ्या गाडीवरून कुल्फी घेतली होती.

"आइस्क्रीमचं जाऊ दे हो," त्या पहिल्या भेटीत म्हणाल्या, "पण मुलगी खोटं वागायला लागली. माझं काय चुकलं?"

मी त्यांना त्या वेळी एकच प्रश्न विचारला. "तुम्ही करता ते आइस्क्रीम तुम्हाला स्वतःला कसं लागतं?"

त्या गोंधळल्या. "मला? मी नाही खात. मुलांसाठीच करते ते."

हे उत्तर मी अनेक आयांकडून ऐकले आहे आणि दर वेळी मला ते महत्त्वाचे वाटते. जो पदार्थ करणारी व्यक्ती स्वतः खात नाही, तो मुलांच्या लेखी खाऊ उरत नाही. ते औषध होते. आणि औषध घेताना चुकवाचुकवी करणे हा मुलांचा जुनाच स्वभाव आहे.

दुसऱ्या भेटीत मी मुलीशी वीस मिनिटे एकटीशी बोलले. आई आइस्क्रीम देते तेव्हा काय काय होते, असे विचारल्यावर ती म्हणाली, "आई समोर बसते. मोबाइलपण बघत नाही. मी खाते तेव्हा माझ्याकडेच बघते. मग विचारते, कसं झालंय? मी म्हटलं कडू, तर म्हणते, बाहेरचं खाऊन जीभ बिघडलीय तुझी."

"आणि आवडलं तर?"

"एकदा आवडलं होतं. तर म्हणाली, बघ, त्यात पालक होता, कळलासुद्धा नाही तुला." थोडे थांबून ती म्हणाली, "मग मी पुढच्या वेळेपासून शोधायला लागले, काय काय घातलंय ते."

लपवून पौष्टिक घालण्याची ही युक्ती हल्ली फार वाखाणली जाते. तिची खरी किंमत या शेवटच्या वाक्यात आहे. एकदा फसवले गेल्याचे कळले की मूल खाणे सोडून तपासणी करू लागते. मुलगी सुटीच्या दिवशी आजीने दिलेला शिरासुद्धा चमच्याने चाळून पाहत असे, हे मला पुढे तिच्या वडिलांकडून कळले.

तिसऱ्या भेटीला येताना तो आइस्क्रीमचा डबाच बर्फात ठेवून घेऊन या, असे मी सांगितले. माझ्या खोलीतल्या टेबलावर तीन वाट्या मांडल्या. आईने, मुलीने आणि मी, तिघींनी ते एकाच वेळी खायचे आणि खाऊन होईपर्यंत कुणी काही विचारायचे नाही, एवढा एकच नियम ठेवला. आईने पहिला चमचा तोंडात घातला. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू विरत गेलेले मी पाहिले. त्यांनी दुसरा चमचा घेतला, या वेळी अगदी थोडा, जिभेवर ठेवला आणि वाटी खाली ठेवली.

"हे खवट आहे," त्या म्हणाल्या.

मुलीने वाटीला हात लावला नव्हता. ती विजयाने काही बोलेल अशी माझी अपेक्षा होती, पण ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, कडू लागतंय."

बराच वेळ कुणी बोलले नाही. अशा क्षणी समुपदेशकाला बोलण्याचा मोह फार होतो, कारण समजावण्याजोगे पुष्कळ काही समोर पडलेले असते. तो मोह मी त्या दिवशी आवरला, आणि आजही मला त्याचे समाधान वाटते. कारण पुढचे वाक्य त्या बाईंचेच होते. "आईसुद्धा म्हणाल्या होत्या. पंधरा दिवस झाले असतील. दाण्यांना वास येतोय म्हणाल्या. मला वाटलं, टोमणा मारतायत." आणि मग त्या रडल्या. मुलीने उठून पाण्याची बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मे तेल असते आणि जवसाचे तेल तर त्याहूनही लवकर बिघडते. उन्हाळ्यात ओट्यावरच्या बरणीत राहिलेली जवसाची पूड आणि दोन महिन्यांपूर्वी भाजलेले दाणे खवट होणे यात नवल काहीच नव्हते. नऊ वर्षांच्या मुलीची जीभ आणि सत्तरीतल्या आजीचे नाक दोन्ही खरे सांगत होते. ते ऐकू मात्र आले नाही, कारण किडलेल्या दाढांच्या दिवसापासून या बाई मनातून घाबरलेल्या होत्या आणि घाबरलेल्या माणसाला सूचनाही विरोधासारखी ऐकू येते. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली ही पद्धत सांगते की माणसाला त्रास देतो तो त्याच्या इच्छेतला हट्ट. ‘मुलांनी चांगलं खावं’ ही इच्छा निरोगी आहे. ‘मुलांनी मी केलेलं खाल्लंच पाहिजे, नाहीतर मी आई म्हणून नापास’ हा हट्ट आहे. या बाईंना हे सूत्र सांगून पटले नसते. त्या खवट चमच्याने मात्र ते त्यांना स्वतःलाच दिसले.

यापुढच्या भेटींमध्ये आम्ही काय ठरवले ते सविस्तर लिहिते, कारण हीच चिंता असलेल्या इतर घरांना त्याचा उपयोग होईल.

एलिन सॅटर या अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ आणि कुटुंबासोबत काम करणाऱ्या समुपदेशक. त्यांनी मांडलेली कामाची वाटणी मला आपल्या घरांसाठीही फार मोलाची वाटते. काय द्यायचे, केव्हा द्यायचे आणि कुठे बसून खायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. या घरात मंगळवार, गुरुवार आणि रविवार, संध्याकाळी साडेपाच, जेवणाच्या टेबलावर, असे ठरले. वाटी सगळ्यांसमोर येईल, आजी आणि आईबाबांसमोरसुद्धा. ताटावर किंवा वाटीवर ‘हेल्दी’ हा शब्द उच्चारायचा नाही. मूल नको म्हणाले तर वाटी झाकून फ्रीजरमध्ये जाईल आणि त्यावर चर्चा होणार नाही. वेळ ठरवून देण्याचा दातांनाही फायदा आहे, कारण गोड किती खाल्ले याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते दिवसातून किती वेळा तोंडात जाते याला महत्त्व असते. खाऊन झाले की खळखळून चूळ भरणे हेही त्याच नियमात घातले; केळे आणि खजूर दातांना चिकटतात, हे विसरता कामा नये.

बाहेरचे आइस्क्रीम पूर्ण बंद करू नका, असे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या दचकल्या. लीन बर्च आणि जेनिफर फिशर या अमेरिकन संशोधकांनी 1999 साली लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात हे दाखवून दिले होते, की समोर दिसणारा पण मनाई असलेला खाऊ मुले अधिक मागतात आणि त्याच्याविषयी अधिक बोलतात. म्हणून महिन्यातून दोनदा सगळ्यांनी मिळून, उघडपणे बाहेर जाऊन आइस्क्रीम खायचे ठरले. मुलीला मी वेष्टन वाचायलाही शिकवले. आपल्याकडच्या नियमांनुसार ‘आइस्क्रीम’ म्हणवणाऱ्या पदार्थात दुधाचे स्निग्धांश किमान 10 टक्के असावे लागतात. वनस्पती तेलापासून केलेल्या पदार्थावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असे लिहावे लागते. तिला हा शोध इतका आवडला की पुढच्या वेळी दुकानात तिने वडिलांना अर्धा तास उभे केले.

आता पदार्थाविषयी. चार जणांसाठी सालीवर तपकिरी ठिपके आलेली तीन मोठी केळी घ्यावीत. वेलची केळी असतील तर सहा-सात लागतात. बोटभर जाडीच्या चकत्या करून स्टीलच्या ताटात एकमेकींना न चिकटता पसराव्यात आणि पाच-सहा तास गोठवाव्यात. मिक्सरच्या लहान भांड्यात त्या घालून, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे बटर आणि चिमूटभर मीठ घालून थांबत थांबत फिरवावे. आधी त्याचा रवा होतो आणि बहुतेक जणी इथेच धीर सोडून पाणी किंवा दूध ओततात. तसे करू नये. कडा खाली ओढून आणखी दोन-तीन वेळा फिरवले की केळ्यातल्या गरामुळे आणि दाण्यांच्या तेलामुळे ते अचानक मऊ, लोण्यासारखे होते. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून केळी पुरेशी पिकलेली नसतील तर गूळ किंवा मध घालण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेविषयी दिलेल्या सल्ल्यात मध आणि फळांचा रस यांतली साखरही मोजली आहे, आणि गूळ तर वरून घातलेली साखरच होय. अख्ख्या फळातली साखर त्या हिशेबात धरलेली नाही. तेव्हा गोडी वाढवण्यापेक्षा केळी आणखी एक दिवस पिकू द्यावीत, हेच उत्तम.

याच रीतीने मे महिन्यात हापूसच्या गोठवलेल्या फोडी आणि काजूचे बटर, हिवाळ्यात चिकू आणि बदामाचे बटर सुरेख जमते. कलिंगडासारख्या पाणीदार फळाचा मात्र बर्फच होतो. ते गोळ्यासारखे किसून खावे. बटर विकत आणणार असाल तर घटकांत दाणे आणि मीठ एवढेच आहे ना ते पाहावे. एका मोठ्या चमच्यात सुमारे 95 कॅलरी असतात, म्हणून घरचे आहे या भरवशावर ते वाटेल तितके घालू नये. घरात कुणाला दाण्यांची अ‍ॅलर्जी असेल तर हा पदार्थ त्या घरासाठी नाही. अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये. वीज गेल्यामुळे पूर्ण वितळलेले मिश्रण पुन्हा गोठवून वाढू नये, हेही आपल्याकडच्या उन्हाळ्यात सांगायलाच हवे.

चौथ्या भेटीनंतर बटर करण्याचे काम सासूबाईंकडे गेले. ही सूचना सुनेची होती, माझी नव्हती, आणि म्हणूनच ती टिकली. केळे आणि दूध एकत्र नको, हा सासूबाईंचा जुना आक्षेप होता. या प्रकारात दूध नाहीच म्हटल्यावर त्यांची काहीच हरकत उरली नाही. सासूबाई आठवड्यापुरतेच पाव किलो दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजतात, हाताने चोळून सुपात पाखडतात, काळे पडलेले आणि बुरशीची शंका येणारे दाणे निवडून टाकतात आणि मग दळतात. आधी कूट होते, मग गोळा, मग तेल सुटते. भांडे गरम झाले की मिक्सर बंद करून त्या थांबतात आणि धाकटा तोवर त्यांच्या मांडीवर बसून भाजलेल्या दाण्यांचा वास घेत असतो.

मुले पहिल्याच आठवड्यात आवडीने खाऊ लागली, असे झाले नाही. मुलीने पहिल्या दोन मंगळवारी वाटी तशीच सरकवली. आईने ठरल्याप्रमाणे ती झाकून ठेवली आणि त्या रात्री मला मोठा निरोप पाठवला; मी उत्तरात फक्त एवढेच लिहिले की तुम्ही आज तुमची वाटी संपवलीत का, ते सांगा. तिसऱ्या आठवड्यात मुलीने दोन चमचे खाल्ले. कुंडीत पुन्हा मुंग्या आल्या नाहीत.

शेवटच्या भेटीत मी मुलीला विचारले, आता आई समोर बसते का. "बसते," ती म्हणाली, "पण ती तिचं खात असते." मग आईकडे वळून तिने सांगितले, "काल मीठ जास्त झालं होतं." आईने पर्समधून छोटी वही काढली आणि लिहून घेतले.