कासवं एप्रिलमध्ये बघा, हप्ता मात्र या महिन्यातच थांबवा

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ५७, सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी, येत्या डिसेंबरात निवृत्ती. पत्नी गृहिणी, मुलगा बंगळुरूला नोकरीत, घर स्वतःचं, कर्ज नाही. पुढच्या फेब्रुवारीत दोघांना त्रिनिदाद-टोबॅगोच्या १२ दिवसांच्या मार्गदर्शित सहलीला जायचं आहे. माणशी ४ लाख ७५ हजार, म्हणजे दोघांचे साडेनऊ लाख. प्रश्न एवढाच, की एफडी मोडून पैसे भरावेत की सहल कंपनीच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या मासिक हप्त्यांवर जावं? रोख भरल्यास २५ हजारांची सूट आहे.

आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. ईएमआय नको. सूट गेली की ते २५ हजार हेच व्याज झालं. शिवाय ऑक्टोबरपासूनच्या १२ हप्त्यांपैकी ३ पगारातून जातील आणि ७९ हजारांचे बाकीचे ९ पगार बंद झाल्यावर. सहल करायची तर एफडीतूनच करा.

पण तुमच्या पत्रात शेवटून तिसऱ्या ओळीत, जाता जाता, एक वाक्य आहे: ‘बँकेतल्या मॅडमनी सुचवलेल्या गॅरंटीड इन्कम प्लॅनचा ३ लाखांचा तिसरा हप्ता याच महिन्यात आहे, तो वेगळा.’ तो वेगळा नाही. तुमच्या निवृत्तीचं सगळं गणित त्या एका ओळीत अडकलं आहे, म्हणून या उत्तराचा मोठा भाग तिकडेच जाणार.

हा प्लॅन म्हणजे विम्याची पॉलिसी. तुम्हाला सांगण्यात आलं, ‘एफडीसारखंच आहे, फक्त परतावा जास्त.’ १० वर्षं दरसाल ३ लाख भरायचे, एकूण ३० लाख. मग वयाच्या ६७ पासून १० वर्षं दरसाल ४ लाख ८० हजार, एकूण ४८ लाख. ‘साठ टक्के नफा, तोही करमुक्त.’ हे साठ टक्के किती वर्षांत, ते मात्र कुणी सांगितलं नाही. पैसे भरण्याचा मधला काळ आणि मिळण्याचा मधला काळ यांत १२ वर्षांचं अंतर आहे. १२ वर्षांत १०० चे १६० म्हणजे वर्षाला ४ टक्के. ५५ वर्षांच्या पगारदार माणसाला, ज्याची नोकरी तीन वर्षांत संपणार हे समोरच्या फॉर्मवर लिहिलेलं आहे, १० वर्षांचा हप्ता गळ्यात बांधणं ही फसवणूक आहे. मी याला सौम्य शब्द वापरणार नाही.

आता तुमचे आकडे मांडतो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी ६२ लाख, एफडी १४ लाख, म्युच्युअल फंड ९ लाख. एकूण ८५. घरखर्च महिना ४५ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार. ईपीएसचं, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं, पेन्शन वर्षाला ५० हजारांच्या आसपास. ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी २ लाख ४६ हजार. १५ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या नावे ठेवलेत तर ७.४ टक्क्यांनी १ लाख ११ हजार. पेन्शन धरून झाले ४ लाखांच्या थोडे वर. तूट सव्वा ते दीड लाख. उरलेल्या पैशातून ती झेपते.

त्यात ३ लाखांचा हप्ता मिळवा. तूट सव्वाचार लाखांवर जाते. सहलीनंतर हाताशी राहिलेले ३० लाख ती ७ वर्षांत खाते. व्याज धरलं तर आणखी थोडं चालेल, पण तेवढ्यात महागाईही वाढलेली असेल. पॉलिसीचं उत्पन्न सुरू होईपर्यंत गंगाजळी तळाला गेलेली असेल.

तुम्ही लिहिलंय की म्युच्युअल फंडातले ९ लाख १० वर्षांत ३६ होतील, म्हणून चिंता नाही. त्यासाठी दहाही वर्षं १५ टक्के मिळायला हवेत. त्या भरवशावर भाजी आणि औषधं ठेवता येत नाहीत. १० टक्के धरा, म्हणजे २३ लाख. तेही मध्येच हात घातला नाहीत तर.

पॉलिसी मोडायची का? बँकेने सांगितलं की आत्ता मोडल्यास ६ लाखांतले २ लाख १० हजारच मिळतील, आणि त्या धाकाने तुम्ही तिसरा हप्ता भरायला निघालात. मोडू नका, आणि भरूही नका. दोन हप्ते पूर्ण झाल्यावर पॉलिसी पेड-अप करता येते: हप्ता बंद, लाभ भरलेल्या प्रमाणात. दहापैकी दोन हप्ते म्हणजे दोन दशांश. ६७ पासून १० वर्षं वर्षाला सुमारे ९६ हजार, एकूण ९ लाख ६० हजार. मग उरलेले २४ लाख भरून जास्तीचं काय मिळतं? ३८ लाख ४० हजार, सरासरी ११ वर्षांनी. वर्षाला साडेचार टक्केही नाहीत. पोस्टाच्या योजनेत यापेक्षा जास्त मिळतं, आणि गरज लागली तर ते पैसे काढताही येतात. पेड-अपचा नेमका आकडा बँकेकडून नको, थेट विमा कंपनीकडून लेखी मागवा.

दुसरी गोष्टही तुम्ही विचारलेली नाही. ५ लाखांचा मेडिक्लेम कंपनीचा आहे आणि वहिनींना मधुमेह आहे. हा विमा निवृत्तीच्या दिवशी संपतो. नवी पॉलिसी घेतलीत तर आधीपासूनच्या आजाराला ३ वर्षांपर्यंत वाट पाहावी लागू शकते. पण नोकरीत असतानाच एचआरमार्फत अर्ज केलात, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाताना आतापर्यंतचा काळ मोजला जाऊ शकतो. डिसेंबरची वाट न पाहता पुढच्या आठवड्यात बोला.

आता सहल. तुम्ही लिहिता, वडिलांकडून ऐकलेलं पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदादची राजधानी, डोक्यातून जात नाही. १९७१ मध्ये तिथे आपण वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. वाडेकर कर्णधार, सरदेसाईंचं शतक, गावसकरांची पहिली कसोटी. पुढे १९७६ मध्ये तिथेच ४०३ धावांचा पाठलाग. क्वीन्स पार्क ओव्हलवर उभं राहायचंय, ही इच्छा मला पूर्ण पटते. आणि वहिनींनी कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली, तेव्हापासून त्यांना मोठं लेदरबॅक कासव बघायचं आहे.

मग कार्निव्हलचे, म्हणजे फेब्रुवारीतल्या तिथल्या रस्त्यावरच्या उत्सवाचे, पैसे का देताय? तुमच्या पत्रात कार्निव्हलबद्दल एक शब्द नाही. त्या दिवसांत पोर्ट ऑफ स्पेनची हॉटेलं सर्वांत महाग असतात. आणि माहितीपत्रकात ‘कार्निव्हल आणि कासवांची रात्र’ असं एकत्र छापलंय, ते जुळत नाही. ग्रान्द रिव्हिएरच्या किनाऱ्यावर लेदरबॅक अंडी घालायला येतात तो हंगाम मार्च ते ऑगस्टचा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रिकामी वाळू दिसण्याचीच शक्यता जास्त. हे विकणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. त्याच कंपनीची एप्रिलची तुकडी माणशी ३ लाख ६० हजारांत आहे, असं तुम्हीच लिहिलंय. दोघांचे ७ लाख २० हजार. २ लाख ३० हजार वाचतात आणि कासवंही दिसतात.

एप्रिलमध्ये पाऊस कमी, डोंगरवाटा कोरड्या. संध्याकाळी कॅरोनीच्या खारफुटीत होडीतून जाऊन लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे झाडांवर उतरताना बघा. ला ब्रेआचा डांबराचा तलाव सुमारे १०० एकरांचा आहे, त्यावर चालता येतं. वॉटर्लूचं समुद्रातलं देऊळ कार्यक्रमात नसेल तर घालायला सांगा. ऊसमळ्यात राबलेल्या शिवदास साधूंनी बांधलेलं देऊळ साखर कंपनीने जमिनीच्या मालकीवरून पाडलं, तेव्हा त्यांनी भर टाकून टाकून समुद्रातच जागा तयार केली आणि पुन्हा बांधलं. १८४५ च्या ३० मे रोजी फतेल रझाक जहाजातून पहिले भारतीय मजूर त्या बेटावर उतरले. त्यांच्या वंशजांच्या हातचं ‘डबल्स’, म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांमधले मसालेदार छोले, सकाळी रस्त्यावर उभं राहून खा. त्याला सहल कंपनीची गरज नाही.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. अमेरिकेमार्गे विमान असेल तर फक्त विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो खर्च कुणाचा? परत येताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र भारतात मागितलं जातं. ही लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यायची. वहिनींच्या डॉक्टरांना आधी विचारा. आणि प्रवास विम्यात मधुमेहाचा उल्लेख स्पष्ट हवा. टीसीएसची, म्हणजे सहल कंपनी आधीच घेते त्या कराची, रक्कम हा खर्च नाही, विवरणपत्रात ती वळती होते, पावती जपा.

पीएफचे पैसे हातात आल्यावर ज्येष्ठ नागरिक योजनेत ३ महिन्यांच्या आत भरा. तुम्ही साठीच्या आत निवृत्त होताय, म्हणून ही मुदत चुकली तर वयाच्या साठीपर्यंत थांबावं लागेल.

आणि आज एकच काम करा. हप्ता बँक खात्यातून आपोआप कापला जातो, असं लिहिलंय. शाखेत जाऊन तो आदेश रद्द केल्याची पोच घ्या, तारीख उलटायच्या आत. मॅडम समजवायला बसवतील, चहा मागवतील. पोच हातात पडेपर्यंत उठू नका.