एरेटर, वायुवीजक आणि विंझणा

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याची माहिती देणारा फलक शाळेतल्या मुलांसाठी तयार करत असलेल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "तळ्याच्या पाण्यात ऑक्सिजन वाढवण्यासाठी जी यंत्रं बसवतात त्यांना एरेटर म्हणतात. मराठीत 'वायुवीजक' लिहू का? एक सहकारी म्हणतात, विजेवर चालतं म्हणून तसं नाव आहे. दुसरे 'ऑक्सिजन मशीन' सुचवतात."

आधी विजेचं बघू. 'वायुवीजन' या शब्दाचा विजेशी काही संबंध नाही. आपली वीज आली 'विद्युत्'वरून. इथला 'वीजन' संस्कृतातल्या 'वीज्' या धातूचा, आणि त्याचा अर्थ वारा घालणे. 'व्यजन' म्हणजे पंखा, तो याच कुळातला. आपल्या आज्या हातपंख्याला विंझणा म्हणायच्या, तो या व्यजनाचाच मराठी अवतार. किती गोड शब्द होता तो! विजेचा पंखा आला आणि विंझणा बोलण्यातून गेला, पण त्याचं भावंड 'वायुवीजन' शास्त्राच्या पुस्तकांत टिकून राहिलं आहे. हे नातं मुलांना फलकावर नाही, तरी वर्गात जरूर सांगा.

अर्थ वारा घालणे असल्यामुळे वायुवीजन शोभतं ते खोलीला, खाणीला, गोदामाला. कोंदट हवा बाहेर जावी आणि ताजी आत यावी, ही ती क्रिया. पाण्याला आपण वारा घालत नाही, पाण्यात हवा मिसळतो. परिभाषेत त्यासाठी 'वातन' असा नेमका शब्द आहे. अडचण एवढीच की 'वात' म्हटलं की मराठी माणसाला एक तर समईतली वात आठवते, नाही तर गुडघ्यातला. 'वातानुकूलित'मध्ये हवेचा अर्थ शिल्लक आहे, पण त्या आधारावर सहावीतल्या मुलाला 'वातन' कळेल असं मला वाटत नाही.

आता ऑक्सिजनचं. एरेटर या शब्दाच्या पोटात ऑक्सिजन नाही, हवा आहे. मुळात ग्रीक-लॅटिन 'एअर', म्हणजे हवा. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. तळ्यातला एरेटर पाणी उडवतो, घुसळतो किंवा तळाशी बुडबुडे सोडतो. पाणी आणि हवा जितक्या जास्त पृष्ठभागावर भेटतील तितका ऑक्सिजन विरघळतो. तोही थोडाच: 20 अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये फार तर 9 मिलिग्रॅम, 30 अंशाला साधारण साडेसात. म्हणून उन्हाळ्यात पाण्याचा जीव जास्त घुसमटतो. शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं, पण रात्री तेच तो वापरतं, आणि पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. मत्स्यशेती करणारे रात्री एरेटर चालू ठेवतात ते याचसाठी.

शिवाय हे यंत्र फक्त देत नाही, काढूनही घेतं. जलशुद्धीकरण केंद्रात पाणी पायऱ्यांवरून खळाळत सोडतात तेव्हा त्यातले दुर्गंधी वायू निघून जातात, विरघळलेलं लोह ऑक्सिजनशी संयोग पावून गाळता येईल असं होतं. या क्रियेलाही एरेशनच म्हणतात. नळाच्या तोंडाला फिरवून बसवायची बारीक जाळी, तीही एरेटरच, पण ती पाण्याच्या धारेत हवा मिसळून पाणी वाचवते. ऑक्सिजनशी तिला कर्तव्य नाही. गंमत म्हणजे सोडावॉटरला इंग्रजीत 'एरेटेड वॉटर' म्हणतात, आणि गोटी सोड्यात असतो तो कार्बन डायऑक्साइड! म्हणून 'ऑक्सिजन वाढवणारं यंत्र' ही एरेटरची व्याख्या नव्हे. तळ्यात तो जे काम करतो त्याचं ते वर्णन आहे.

'ऑक्सिजन मशीन' मात्र नको. 2021 नंतर हे शब्द ऐकले की डोळ्यांपुढे रुग्णाची खाट येते. ते यंत्र हवेतला नायट्रोजन अडवून ऑक्सिजनचं प्रमाण वाढवतं. त्याचं काम वेगळं आणि नावही वेगळं, कॉन्सन्ट्रेटर.

आपल्या भागात याच कल्पनेसाठी एक अस्सल शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी आहे: वाफसा. रानात पाणी आणि हवा जमून येतात, माती ना चिखल ना ढेकूळ, तो वाफसा. शिरोळकडे पाणी साचलेल्या रानात ऊस पिवळा पडतो, कारण मुळांना हवा मिळत नाही. पाण्यासाठी हा शब्द वापरता येणार नाही. पण पाण्याला हवा का लागते हे शेतकऱ्याच्या मुलाला समजवायचं असेल तर मी वाफशापासूनच सुरुवात करेन.

फलकावर मी असं लिहीन: "हा एरेटर आहे. तो तळ्याच्या पाण्यात हवा मिसळतो. त्या हवेतला प्राणवायू पाण्यात विरघळतो आणि माशांना श्वास घेता येतो." एरेटर पुल्लिंगी चालवा, अनेकवचनही एरेटरच: एक एरेटर, चार एरेटर. कुणी 'एअरेटर' लिहिलं तर खोडू नका, आपल्या उच्चाराला तेही जवळचं आहे. मात्र फलकभर एकच रूप ठेवा.