वाचकांचे प्रश्न : पिरॅमिडच्या आत जावे का?

प्रश्न : आम्ही काही निवृत्त स्नेही मार्गदर्शकासह छोट्या गटाने इजिप्तला जात आहोत. माझे गुडघे दुखतात. पिरॅमिडच्या आत व भूमिगत थडग्यांत जाणे मला झेपेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : गिझा येथील खुफूच्या पिरॅमिडमध्ये जाणे आपण टाळावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जोतिबाच्या पायऱ्या दम खात चढता येतात. येथे मात्र जेमतेम १.२ मीटर उंचीच्या, तीव्र चढाच्या बोळातून सुमारे ३९ मीटर कमरेत वाकूनच जावे लागते, आणि आत हवा कोंदट असते. एवढा आटापिटा करून वर पोहोचल्यावर ग्रॅनाइटच्या दालनात रिकामी शवपेटी दिसते. भिंतींवर ना चित्र, ना लेख. (बाहेरून मात्र तो डोळे भरून पाहावा.)

लक्सर येथील राजांच्या खोऱ्याला अधिक वेळ द्यावा. सहाव्या रामसेसच्या थडग्यात बऱ्यापैकी ताठ चालता येते आणि छतावर नूत देवी संध्याकाळी सूर्य गिळून सकाळी त्याला पुन्हा जन्म देताना रंगवलेली आहे. १९२२ मध्ये सापडलेले तुतनखामुनचे थडगे लहान आहे. त्याचे तिकीट वेगळे असल्याने ते सहलीच्या शुल्कात धरले आहे का, हे आधीच लेखी विचारून घ्यावे. थडग्यांच्या आत मार्गदर्शकांना सहसा बोलू देत नाहीत, त्यामुळे सारे बाहेरच नीट समजून घ्यावे लागते. छोट्या गटाचा खरा उपयोग तेथेच होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा.