घरी जोडलेली जुनी जीप पूर्ण खोलून रंगवायची आहे. आधी रंग की आधी जोडणी? आणि कोणत्या महिन्यात सुरुवात करू?

आधी जोडणी. मग परत खोला, मग रंग, मग शेवटची जोडणी. एकाच गाडीचं काम दोनदा करायचं म्हटलं की जिवावर येतं, पण मी ते एकदाच करायला गेलो आणि शेवटी तीनदा केलं.

तुम्ही लिहिलंय की निपाणीला काकांनी नव्वदच्या दशकात लष्कराच्या लिलावातली चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) घेऊन, वेगळीकडून आणलेली बॉडी आणि प्यूजो डिझेल इंजिन बसवून जीप उभी केली होती. काका गेले, गाडी शेडमध्ये आहे. आमचीही तशीच. वडिलांनी खानापूरजवळ घराच्या परड्यात, फणसाच्या झाडाला चेन ब्लॉक बांधून जोडलेली. त्यामुळे तुमच्या पुढ्यात काय आहे ते मला चांगलं कळतंय.

जीप आपल्याकडे आली तीच मुळी सुट्या भागांच्या रूपात. महिंद्रांनी 1949 मध्ये मुंबईला माझगावात विलीजच्या जीप जोडायला घेतल्या. पण त्या पेट्यांतलं कुठलंही मडगार्ड कुठल्याही गाडीला बसायचं, कारण भोकं कारखान्यात मापाने पडलेली असायची. काकांच्या गाडीत प्रत्येक भोक त्या एकाच गाडीपुरतं आहे. ते त्यांनी तिथे उभं राहून, डोळ्याने अंदाज घेऊन पाडलंय. म्हणून डेंटिंग-पेंटिंगवाल्याची नेहमीची पद्धत इथे चालत नाही.

मी काय केलं ते सांगतो. आमच्या मिस्त्रीने सांगितलं, "दादा, आधी रंग मारून सोडूया, मग बसतंय की सगळं." मी ऐकलं. बॉडी सुटी करून खरवडली, प्रायमर, रंग, सगळं झकास झालं. मग चेसिसवर ठेवली तर दोन माउंटची, म्हणजे बॉडी चेसिसला बोल्टने बसते त्या जागांची, भोकं बोटभर सरकलेली. चेसिसचा एक गंजलेला ब्रॅकेट आम्ही मधल्या काळात नवा वेल्ड केला होता, तो जुन्या जागी बरोबर बसला नव्हता. ताज्या रंगातून ड्रिल मारलं, कानशीने भोक लांबवलं, उघड्या कडेला ब्रशने रंग लावला आणि बोल्ट आवळला. तो जून महिना होता. खानापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. गणपती आले तेव्हा त्या प्रत्येक भोकाभोवती रंग भाजलेल्या पापडासारखा फुगला होता. नखाने उचलला तर रुपयाएवढी खपली निघाली आणि खाली पत्रा तांबडा. गंज भोकाच्या कडेतून शिरून रंगाखाली पसरला होता. वरून कितीही रंग मारला तरी तो थांबत नाही. गाडी परत खोलावी लागली.

म्हणून आधी रंग न मारता, पत्रा उघडा असतानाच सगळी गाडी जोडून उभी करा. बॉडी, मडगार्ड, रेडिएटर, जाळी, बॉनेट, पेडल, स्टिअरिंग, बॅटरीचा ट्रे, डिझेलची नळी, वायरिंगच्या क्लिपा, अगदी नंबर प्लेटसुद्धा. जे भोक पाडायचं ते आताच पाडा, जो ब्रॅकेट वेल्ड करायचा तो आताच करा. बॉनेट शंभरदा उघडझाप करून बघा. बिजागरीत आणि भोकांत थोडी जागा मोकळी ठेवा, कारण प्रायमर आणि रंग मिळून प्रत्येक बाजूला साधारण 0.1 ते 0.15 मिलिमीटर जाडी चढते आणि आता सहज जाणारी पिन नंतर हातोडीशिवाय जात नाही.

खोलताना एक गोष्ट फार जपा. बॉडी आणि चेसिसच्या मध्ये रबराबरोबर कुठे दोन वायसर, कुठे पत्र्याचा वाकडातिकडा तुकडा सापडेल. कचरा म्हणून फेकू नका. काकांनी तो घालूनच बॉनेटची फट सरळ केलेली आहे. आमच्या डाव्या मागच्या माउंटखाली बाबांनी तुपाच्या डब्याचा पत्रा चौकोनी कापून तीन घड्या घालून ठेवला होता. मी त्याच जाडीची स्टीलची पट्टी कापून घातली, तो तुकडा मात्र अजून माझ्या कपाटात आहे. प्रत्येक माउंटचा फोटो काढा आणि फोटोत दिसेल असा खडूने नंबर घाला. सुट्या पिशव्यांत नटबोल्ट भरून बाहेर चिठ्ठी चिकटवली तर डिझेलच्या हाताने ती दोन आठवड्यांत पुसते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून पिशवीच्या आत टाका.

नटबोल्टचं आणखी एक. विलीजच्या वंशातल्या जीपचे मूळ बोल्ट इंचाचे, प्यूजो इंजिनाचे मिलिमीटरचे. अडीच सूत म्हणजे 5/16 इंची बोल्ट 7.94 मिलिमीटरचा आणि आठाचा बोल्ट 8 चा. डोळ्याला फरक दिसत नाही. अर्धा इंची डोक्यावर तेराचा पानाही बसतो. पण आटे वेगळे असल्याने दोन-तीन फेरे हाताने जातात आणि मग अडकतं. तिथे जोर लावलात की आटे गेले. हाताने पूर्ण बसत नाही तो बोल्ट पान्याने बसवायचा नाही, हे ठरवूनच टाका. दोन्हींचे डबे सुरुवातीपासून वेगळे ठेवा.

या सगळ्याच्याही आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीबुकाशी जुळवून बघा. जुळत नसेल तर आरटीओचं निस्तरेपर्यंत गाडीवर एक रुपया घालू नका. जुळत असेल तर त्या जागेवर ग्राइंडर अजिबात फिरवू नका, सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने गंज-रंग काढायला) देतानाही तिथे जाड चिकटपट्टी लावून द्या. निपाणीकडे बऱ्याच गाड्या कोल्हापूरच्या एमएच 09 नंबरच्या असतात. तुमचीही तशी असेल तर, गाडी बारा महिन्यांहून जास्त कर्नाटकात राहिली की इथला नंबर घ्यावा लागतो. तेही याच फेरीत करून टाका.

रंग कुठला ते तुम्ही लिहिलं नाही, पण लष्करी हिरवा मनात असेल तर काढून टाका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 121 व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने लहानपणापासून आपण तोच रंग बघत आलोय आणि जीप म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येतो, मलाही तोच हवा होता. मी शेवटी फिकट राखाडी घेतला. जो घ्याल तो आरसीबुकात बदलून घ्या.

महिना विचारलात. खोलणं पावसाळ्यात करा, शेडमध्ये बसून करण्यासारखंच ते काम आहे. रंग मात्र दिवाळीनंतर. हवेत ओल असताना मारलेल्या रंगावर पांढुरकी झाक येते आणि उघडा केलेला पत्रा रात्रीत तांबूस होतो. डिसेंबरात सकाळी आपल्याकडे दव असतं, तेव्हा दहानंतर सुरुवात करून चारच्या आत संपवा. मार्चनंतर धूळ आणि वारा. म्हणजे हातात चारेक महिने असतात आणि ते पुरतात.

चेसिस बेळगावात उद्यमबागेत ब्लास्टिंगला द्यायला हरकत नाही. फाउंड्रीचं गाव असल्याचा हा फायदा. बॉडीचा पातळ पत्रा मात्र ब्लास्टिंगला देऊ नका, मोठे सपाट भाग लाटा आल्यासारखे वाकतात. तो हाताने, पेंट रिमूव्हर आणि घासायच्या पेपरने करा. त्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) प्रायमरच्या वर आणि जेवढी लागेल तेवढीच, मग घासून पुन्हा प्रायमर आणि शेवटी रंग. चेसिसच्या पेटीसारख्या भागांत आतून गंज बसतो, तिथे ब्लास्टिंगची वाळू पूर्ण झाडून काढा आणि आत पातळ मेण किंवा ग्रीससारखं गंजरोधक फवारा.

पीयू (पॉलियुरेथेन) रंग स्वतः मारणार असाल तर हे नीट वाचा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून त्यापासून काहीही बचाव होत नाही, आणि त्याने एकदा जडलेला दमा आयुष्यभर राहू शकतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम ज्याच्याकडे रंगकामाची बंद खोली (बूथ) आहे त्याला द्या. पैसे वाचवायच्या जागा दुसऱ्या आहेत, ही नाही.

शेवटच्या जोडणीत सगळ्यात जास्त त्रास वायरिंग देतं. माझ्या गाडीत सगळं जोडल्यावर ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचे आणि हॉर्न दिला की हेडलाइट मंद व्हायचा. वायरिंगवाल्याने दोन दिवस वायरी तपासल्या. वायरी बरोबर होत्या. रंग इतका छान बसला होता की बॉडीला चेसिसशी आणि बॅटरीशी अर्थिंगच, म्हणजे वीज परत जायचा मार्गच, मिळत नव्हता. अर्थिंगच्या प्रत्येक जागी नाण्याएवढा रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, वायर आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. इंजिन, चेसिस आणि बॉडी यांच्यात वेगळी जाड अर्थिंगची पट्टी टाका.

ब्रेक ऑइल रंगावर सांडू देऊ नका, थेंब पडला तर तिथल्या तिथे पाण्याने धुवा, नाहीतर रंग सुरकुततो. ब्रेकचं आणि स्टिअरिंगचं काम जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या, आपण कितीही नीट केलं असलं तरी.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बॉडी माउंट, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू बोल्ट आणि चाकांचे नट परत आवळा. नटाखालचा नवा रंग दबतो आणि नट ढिले पडतात. मी निघालो तो जांबोटीपर्यंत जाऊन परत आलो, घरी पाना लावला तर पुढच्या डाव्या यू बोल्टच्या चाकीने, म्हणजे नटाने, जवळजवळ अर्धा फेरा घेतला. त्यानंतर पाचशे किलोमीटरवर पुन्हा एकदा आवळलं, तेव्हा एकही हलली नाही.