वाचक विचारतात : वाइनचा वास, जुनी बाटली आणि काळ्या मसाल्याचे मटण

प्रश्न : गंगापूर धरणाच्या परिसरातील एका वायनरीत आम्ही सहकुटुंब टेस्टिंगला गेलो होतो. तेथील तरुणाने सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनचा ग्लास हाती देऊन पेरू, ढोबळी मिरची आणि ताज्या कापलेल्या गवताचे वास सांगितले. मला मात्र वाइनलाच वाइनचा वास आला. एका लाल वाइनच्या लेबलवर ‘ब्लॅककरंट’ लिहिले होते. ते फळ मी आजवर पाहिलेलेही नाही. माझे नाक कमी पडते, की ही सारी विक्रीची भाषा आहे? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : त्या तरुणाने सांगितलेले वास काल्पनिक नव्हते. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारी मेथॉक्सिपायरझिन या गटातील द्रव्ये सोव्हिन्यों ब्लांच्या द्राक्षातही असतात. पेरू किंवा पॅशनफ्रूटसारखा वास थायॉल नावाच्या गंधकयुक्त संयुगांमुळे येतो आणि ती संयुगे किण्वनाच्या वेळी यीस्टच्या क्रियेने मोकळी होतात. शिराझ या लाल वाइनमधील मिऱ्याचा वास रोटंडोन या द्रव्याचा असतो आणि हेच द्रव्य आपल्या मसाल्याच्या डब्यातील काळ्या मिऱ्यांतही असते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली ते सिद्ध केले. त्याच संशोधनात असेही दिसले की सुमारे पाचांतल्या एका माणसाला रोटंडोनचा वास जवळजवळ येतच नाही. तेव्हा एखादा विशिष्ट वास न येणे हा नाकाचा दोष मानण्याचे कारण नाही. प्रत्येकाचे नाक कुठे ना कुठे मुके असते.

तुमच्या शंकेची दुसरी बाजूही खरी आहे. फ्रान्समधील बोर्दो येथे झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली गेली, आणि त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला लावतात त्या शब्दांत केले. डोळ्यांनी जे पाहिले तेच नाकाने मान्य केले. यजमानाने आधीच ‘पेरू’ म्हटल्यावर आपल्याला पेरू येऊ लागतो तोही यातलाच प्रकार, म्हणून माझा पहिला सल्ला असा की टेस्टिंगच्या वेळी माहिती सांगणाऱ्याला नम्रपणे दोन मिनिटे थांबायला सांगावे.

त्या दोन मिनिटांत वासांच्या मागे न लागता आधी जिभेला काय जाणवते ते पाहावे, कारण तेथे मतभेदाला जागा फार कमी असते. लहान घोट घेऊन तो तोंडभर फिरवावा. गिळल्यानंतर जिभेच्या कडांना लाळ किती सुटते यावरून आंबटपणा कळतो. हिरड्या आणि गालांच्या आतली बाजू किती ओढल्यासारखी होते यावरून टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून उतरणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा कळतो. घशाशी जी ऊब येते ती अल्कोहोलची. आणि चव किती वेळ टिकते हे तर मनात आकडे मोजूनही पाहता येते. ‘आंबटपणा भरपूर, तुरटपणा बेताचा, गोडवा नाही, चव लवकर संपते’ एवढे लिहिता आले तरी ते वर्णन ‘मखमली’ आणि ‘राजस’ या विशेषणांपेक्षा अधिक उपयोगाचे असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधक ॲन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनच्या वासांचे जे प्रसिद्ध चक्र मांडले, त्यातून अशी मोघम विशेषणे मुद्दाम वगळली होती, कारण त्यांची खातरजमा कोणालाच करता येत नाही.

वास त्यानंतर घ्यावेत. स्वयंपाकघरातून पेरूची फोड, ढोबळी मिरची, लिंबाची साल, चारदोन भरडलेले मिरे, लवंग आणि मिळेल त्या दिवसांत जांभूळ किंवा करवंद असे वाट्यांमध्ये काढून ठेवावे. एकेका वाटीचा वास घेऊन लगेच ग्लास नाकाशी न्यावा. एकच वाइन घेण्यापेक्षा सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन पांढऱ्या वाइन शेजारी शेजारी ठेवल्या, तर तासाभरात नाकाला पुष्कळ कळू लागते, कारण आपल्याला वास ओळखण्यापेक्षा वासांतला फरक ओळखणे सोपे जाते. ब्लॅककरंटची काळजी सोडून द्यावी. कॅबर्ने या लाल वाइनमध्ये तुम्हाला जांभूळ आढळले तर वहीत जांभूळ लिहावे. वर्णनाचा उपयोग एवढाच की सहा महिन्यांनी ते वाचून तुम्हाला ती वाइन आठवावी, आणि शेजाऱ्याला ती घ्यावी की नाही हे ठरवता यावे. न पाहिलेल्या फळाच्या नावाने यांपैकी काहीही साधत नाही.

प्रश्न : वास्तुशांतीच्या वेळी भेट मिळालेली नाशिकचीच एक लाल वाइन माळ्यावर सापडली. बाटलीवर २००९ हे साल आहे. ती इतकी वर्षे उभीच होती. वाइन जितकी जुनी तितकी उत्तम असे ऐकतो. ही बाटली ठेवावी, विकावी की उघडावी? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : उघडावी, आणि तीही लवकर. विकण्याचा विचार मात्र सोडावा.

सगळीच वाइन लोणच्यासारखी मुरत नाही. जगात तयार होणारी बहुतेक वाइन दोनतीन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच केलेली असते. दीर्घकाळ टिकण्यासाठी भरपूर आंबटपणा, भरपूर टॅनिन, भरपूर साखर किंवा वरून घातलेले अल्कोहोल यांपैकी निदान एकाचा तरी भक्कम आधार लागतो. बोर्दो आणि इटलीतील बारोलोच्या उत्तम लाल वाइन टॅनिन आणि आंबटपणाच्या बळावर टिकतात, सोटर्न ही फ्रेंच गोड वाइन साखरेच्या, पोर्तुगालची पोर्ट साखर आणि अल्कोहोल या दोहोंच्या, तर त्याच देशाची मडेरा ही उष्णता आणि हवा आधीच सोसून आलेली असल्याने शतकभरही तग धरते. जर्मनीतील जुन्या रिसलिंग या पांढऱ्या वाइनला तर चक्क रॉकेलचा वास येतो आणि जाणकार तो गुण मानतात. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या पिढीला तो वास शिकवावा लागणार नाही.

नाशिकच्या द्राक्षाची अडचण वेगळी आहे. आपल्याकडे वेल थंडीत झोपी जात नाही, म्हणून एप्रिलची (वाढीसाठीची) खरड छाटणी आणि पावसाळ्याच्या अखेरीची (फळासाठीची) गोडी छाटणी करून त्याला ताल लावावा लागतो, आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च या काळात होते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री फळाचा आंबटपणा राखतात हे खरे, पण फेब्रुवारीत ऊन चढू लागले की साखर वाढते आणि आम्ल वेगाने उतरते. शिवाय इथला आजचा व्यवसाय तरुण आहे. नाशिकच्या सुला या वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ चे. त्यामुळे नाशिकची पन्नास वर्षांची वाइन कशी लागते, या प्रश्नाला उत्तर देणारी बाटलीच अजून अस्तित्वात नाही. ओकच्या पिंपात ठेवलेल्या, जरा जड बांध्याच्या रिझर्व्ह शिराझ किंवा कॅबर्ने नीट ठेवल्यास काही वर्षे चांगल्या खुलतात. बाकी लाल वाइन तीनचार वर्षांत आणि पांढरी वाइन शक्यतो दोन वर्षांत संपवावी असे माझे मत आहे.

‘नीट ठेवल्यास’ या दोन शब्दांतच तुमच्या बाटलीचा निकाल आहे. वाइनला साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान आणि काळोख हवा, आणि बूच कॉर्कचे असेल तर बाटली आडवी हवी, म्हणजे कॉर्क ओला राहून आक्रसत नाही. नाशिकचा माळा मे महिन्यात किती तापतो हे मी सांगायला नको. उष्णतेने द्रव फुगून कॉर्कवर दाब देतो, थंडीत आक्रसताना हवा आत ओढतो, आणि वर्षानुवर्षे हेच चालले की आतल्या फळाची चव उडून जाते.

तरीही उघडण्याची तयारी नीट करावी. बाटली उभी आहे ते आता सोयीचेच झाले, कारण टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांना चिकटून तयार झालेला गाळ तळाशी बसलेला असेल. प्रथम बाटली न हलवता उजेडासमोर पाहावी. वाइनची पातळी मानेच्या बरीच खाली गेली असेल तर अपेक्षा त्या मानाने कमी ठेवाव्यात. जुना कॉर्क स्क्रूने तुटतो, म्हणून दोन पात्यांचा ओपनर मिळाल्यास उत्तम. नाही मिळाला तर तुटलेला कॉर्क आत जाऊ द्यावा आणि वाइन स्वच्छ मलमलीतून गाळून घ्यावी. ती संथपणे, एकाच ओघात दुसऱ्या भांड्यात ओतावी आणि गाळ दिसू लागताच थांबावे. तरुण वाइन तासभर उघडी ठेवली तर खुलते, जुनी वाइन तेवढ्या वेळात संपूनही जाते. म्हणून ओतल्याबरोबर पहिला घोट घ्यावा.

जुन्या लाल वाइनचा रंग कडेला विटकरी होतो, तेवढ्यावरून ती बिघडली असे समजू नये. सुके अंजीर, मनुका, चामडे, तंबाखू, पाऊस पडून गेलेली माती असे वास आले तर तुमचे नशीब थोर. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा झणका आला, अथवा कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा वास आला, तर ती गेलेली आहे. पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल तर दोष वयाचा नाही. कॉर्कमधील ट्रायक्लोरोॲनिसोल या द्रव्याचा तो परिणाम असून एका लिटरमध्ये त्याचे काही नॅनोग्रॅमही पुरतात. गेलेल्या वाइनचा एखादा घोट घेतल्याने अपाय होत नाही, फक्त विरस होतो.

प्रश्न : पांढऱ्या वाइनच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले. दुकानदाराने बाटली परत घेतली नाही. त्याची चूक नाही का? (एक वाचक, सिडको)

उत्तर : नाही. ते टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत. द्राक्षात ते आम्ल मुळातच असते आणि फ्रिजमधल्या थंडीने त्याचे स्फटिक होतात. दाताखाली करकरतात, एवढाच त्रास. ग्लास ओतताना शेवटचा घोट बाटलीत राहू द्यावा.

प्रश्न : लेकीच्या सासरची मंडळी प्रथमच जेवायला येत आहेत. विहीणबाई आणि व्याही दोघांनाही वाइन आवडते. घरात कोथिंबीर वडी, काळ्या मसाल्याचे मटण आणि पुरणपोळी असा बेत आहे. जावई म्हणतात, सकाळी मिसळीबरोबरही वाइन चालते. नेमके काय द्यावे? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : जावईबापूंच्या सूचनेपासून सुरुवात करतो, कारण तीच सर्वांत अवघड आहे. मिरचीतील कॅप्सायसिनचा दाह अल्कोहोलने वाढतो, टॅनिनमुळे तो अधिक बोचतो आणि बुडबुड्यांनीही तो भडकतो. मिसळीसमोर लाल वाइन म्हणूनच हरते. द्यायचीच झाली तर किंचित गोडसर, चांगली थंड शेनिन ब्लां द्यावी, कारण गोडव्याने दाह निवतो. पण खरे सांगायचे तर तर्रीला दही, पापड आणि नंतर ताक हेच योग्य, आणि मिसळ-वाइनची जोडी मुख्यतः छायाचित्रात शोभते.

कोथिंबीर वडीची गोष्ट नेमकी उलट आहे. तळणीच्या तेलकटपणाला आंबटपणा कापतो आणि मिठाने वाइन मऊ लागते, म्हणून कोरडी स्पार्कलिंग वाइन येथे अप्रतिम बसते. दिंडोरी तालुक्यातच ती उत्तम तयार होते, त्यामुळे पाहुण्यांना गावची वस्तू दिल्याचेही समाधान मिळेल. साबुदाणा वड्यालाही हाच न्याय लावावा.

मटणासाठी शिराझ घ्यावी. भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि मसाल्यातले मिरे यांना शिराझमधला मिऱ्याचा वास जुळतो, आणि मांसातील प्रथिने व चरबी टॅनिनचा तुरटपणा सौम्य करतात. मात्र त्या दिवशी तिखटाचा हात थोडा आखडता घ्यावा. घरच्यांना ते मान्य नसेल, तर कमी टॅनिनची, फळाची चव पुढे असणारी झिनफँडेल ही लाल वाइन जराशी थंड करून द्यावी. ती तिखटाशी भांडत नाही. विहीणबाई मासे खाणाऱ्या असून ऐनवेळी सुरमई तळायचे ठरले, तर लाल वाइन बाजूला ठेवावी. लाल वाइनमधील लोहामुळे माशाच्या तेलाला उग्र वास येतो, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले आहे.

पुरणपोळीबाबत एकच नियम आहे : वाइन पदार्थाहून गोड हवी, नाहीतर ती नुसती आंबट लागते. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां त्याला पुरी पडते आणि वरचे तूपही ती सांभाळून घेते. पुरणाचा नैवेद्य असेल त्या दिवशी हा प्रश्न बहुतेक घरांत निघणारच नाही, ते वेगळे.

प्रश्न : लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी म्हणतात. एप्रिलमध्ये आमची खोली ३५ अंशांवर असते. आणि उघडलेली बाटली किती दिवस टिकते? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : ती खोली युरोपातील जुन्या दगडी घराची होती, इंदिरानगरातील फ्लॅटची नव्हे. लाल वाइन १६ ते १८ अंशांना, पांढरी ८ ते १२ अंशांना आणि स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांना द्यावी. त्यासाठी आपल्याकडे उन्हाळ्यात लाल वाइनही आधी फ्रिजमध्ये ठेवावी लागते, नाहीतर नाकाला अल्कोहोलखेरीज दुसरे काही सापडत नाही. उघडलेली बाटली, लाल असो वा पांढरी, बूच घट्ट लावून फ्रिजमध्येच ठेवावी. दोनतीन दिवस ती पिण्याजोगी राहते. उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर हवेला जागा कमी मिळते आणि आणखी एखादा दिवस निभावतो.