‘ऑर्मोलू’ला मुलामाच म्हणावं

प्रश्न असा आला आहे: फ्रान्समधल्या एम्पायर शैलीच्या, म्हणजे नेपोलियनच्या काळातल्या, भिंतीवरच्या जुन्या दिव्यांबद्दल लिहिताना ‘ऑर्मोलू’ला, म्हणजे ब्राँझवर पाऱ्याने चढवलेल्या सोन्याला, ‘सोन्याचा मुलामा’ म्हटलं तर वस्तू नकली वाटेल का? आणि ‘वॉल लाइट’ला काय म्हणावं?

मुलामाच म्हणावं, बिनदिक्कत. मूळ अरबी ‘मुलम्मा’ म्हणजे चमकवलेलं. ‘सभ्यतेचा मुलामा’सारख्या प्रयोगांनी आपण त्याला खोटेपणा चिकटवला, तो शब्दाचा दोष नाही.

‘ऑर्मोलू’ आला फ्रेंच ‘ऑर मुलू’वरून, अर्थ, दळलेलं सोनं. ‘मुलू’ आणि ‘मुलामा’ कानाला सख्खे वाटतात, पण नातं काही नाही: एकाचं मूळ लॅटिनमधलं दळणं, दुसऱ्याचं अरबीतलं चमकणं. फ्रेंच लोक अशा वस्तूला ‘ब्राँझ दोरे’ म्हणतात, सोनेरी केलेलं ब्राँझ.

दळलेलं सोनं पाऱ्यात कालवून त्याचा लोण्यासारखा लगदा करत, तो ब्राँझवर माखत आणि विस्तवावर धरत. पारा वाफ होऊन उडे, सोनं धातूला घट्ट धरून राही. मग काही भाग अकीक या कठीण दगडाने घोटून लखलखीत करत, बाकीचा मुद्दाम मंद ठेवत. जवळून पाहिलं की एकाच दिव्यावर ही दोन सोनी दिसतात, एक झळाळतं आणि एक निजलेलं. त्या वाफेने कारागिरांचे जीव जात. आंत्वान-आंद्रे राव्हरिओ हा स्वतः ब्राँझकार; १८१४ मध्ये वारला तेव्हा कारागिरांना या विषापासून वाचवणारी युक्ती काढणाऱ्यासाठी त्याने ३,००० फ्रँक ठेवले होते. ते बक्षीस पुढे रसायनतज्ज्ञ दार्से याला मिळालं, वाफ ओढून नेणाऱ्या धुराड्याच्या भट्टीसाठी. इतक्या किमतीने चढलेल्या सोन्याला नकली कोण म्हणेल?

‘वॉल लाइट’साठी ‘दिवालगिरी’ आहे की! वाड्यांच्या वर्णनांत हंड्या-झुंबरांच्या शेजारी ती भेटते. ‘गीर’ म्हणजे धरणारा. भिंतीला धरून राहणारी ती दिवालगिरी. फ्रेंचमध्ये याच वस्तूला ‘ब्रा द ल्युमिएर’, उजेडाचा हात, म्हणतात. भिंतीतून पुढे आलेला हंसाच्या मानेसारखा फाटा आणि त्याच्या टोकाला मेणबत्ती, असं रूप डोळ्यांसमोर आणलं की दोन्ही शब्द पटतात.

म्हणून मी लिहीन: ‘पाऱ्याच्या मुलाम्याची ब्राँझ दिवालगिरी’. ‘पाऱ्याच्या’ गाळू नका. १८४० नंतर विजेने चढवलेला मुलामाही आला, आणि तो पाऱ्याच्या मुलाम्यापेक्षा बहुधा पातळ असतो.